टोपी काढून मरताना

हॉलिवूड, १२ मार्च १९१६

आदरणीय ऑर्फा मावशीस वाकून नमस्कार.

गुडघा कसा आहे? नेब्रास्कात अजून बर्फ असेल. इथे संत्री पिकून पडताहेत आणि माझी तब्येत (तू विचारली नाहीस तरी) उत्तम आहे.

चार वर्षांपूर्वी तू माझं पहिलं चित्र अर्धवट टाकून घरी गेलीस, तेव्हापासून तुझ्या पत्रांत हवामान आणि कोंबड्या यांखेरीज काही नसतं. चूक माझीच. त्यात गोळी लागून मी पडलो तो नेमका निवडुंगावर, आणि मूकपटात कोण ऐकतंय म्हणून प्राण सोडता सोडता तोंडाला येईल ते बोललो. गावाला वाटलं, बिचारा देवाचं नाव घेतोय. कान गेल्यापासून माणसांचे ओठ वाचणारी तू एकटीच, तुला शब्द न् शब्द कळला. आई गेल्यावर तूच मला वाढवलंस, शिवी दिली की तोंडात साबण घालून, आणि त्याच तोंडातून हे निघालं.

तुझ्या धाकानं तेव्हापासून मी टोपी तोंडावर ओढूनच मरायला लागलो (दरोडेखोर म्हणून सव्वीस वेळा, पाद्री म्हणून एकदा). मेलेल्याला दुसरं काम नसतं. टोपीच्या भोकातून सगळं दिसायचं. नायिका भलतीकडे तोंड करून रडतेय, घोडा कॅमेऱ्याला पाठ दाखवून उभा. मी आतून सांगायचो, "बाई, जरा डावीकडे रडा, तिथे ऊन चांगलं आहे." ती रडायची. आमचे दिग्दर्शक ट्रिंबलसाहेब दिवसभर कर्ण्यातून ओरडत. मंडळी आपलं सोडून प्रेताचं ऐकताहेत हे लक्षात आल्यावर सगळ्यांसमोर म्हणाले, "अरे हायरम, एवढी अक्कल आहे तर मरतोस कशाला? ऊठ, धर हा कर्णा." टोमणा होता, पण मी उठलो आणि धरला. ते तणतणत जेवायला गेले, तोवर मी प्रसंग उरकला, आणि मालकांना तोच आवडला. आता खुर्चीवर माझं नाव आहे (रंग ओला असताना बसलो, त्यामुळे पाटलोणीवरही आहे). मी सुखात आहे, मावशी.

मी दिग्दर्शित केलेलं पहिलं चित्र शनिवारी तुमच्या गावात पीबल्सच्या थेटरात लागतंय. बापाचं काम मीच केलंय. तू जावंस असा आग्रह नाही. थंडी गुडघ्याला बाधते, मला कळतं.

तुझा आज्ञाधारक,
हायरम

ता. क. गेलीसच, तर मी प्रार्थनेला बसतो तिथे चष्मा काढून पुसत बस. घोड्यानं माझ्या बोटांवर पाय दिला होता. साबण पाठवू नकोस, इथे मिळतो.

आणखी एक ता. क. चष्मा लगेच परत लाव. शेवटी बाप मरतो तेव्हा पडद्यावर अक्षरांच्या पाटीवर येईल, 'मुली, शेत विकू नकोस.' ते लोकांसाठी. मी तिथे तुझं नाव घेऊन माफी मागतोय. कॅमेरावाला म्हणाला, पहिल्याच वेळी झकास मेलास, तरी मी सात वेळा मेलो, ओठ तुला स्पष्ट दिसावेत म्हणून. या वेळी टोपी काढून मेलोय. मावशी, जा ना. पुढच्या रांगेत बस.