चिमणीने धरलेला हात

ती. आई,
तुझ्या धाकटीचा वाकून नमस्कार.

बाबांचा गुडघा कसा आहे? मी मजेत आहे. कॉलेज सुटलं की ऑटिझम असलेल्या मुलांच्या वर्गात मदतीला जाते. मनगटावर चावल्याची खूण होती, तीही गेली. बाबांना सांगू नकोस.

चावणारी चिमणी म्हणजे वर्गातली चार वर्षांची मुलगी. ती बोलत नाही, कुणाला जवळ येऊ देत नाही. महिनाभर हाका मारून मी थकले, मग नुसती शेजारी बसून ठोकळे रचू लागले. काल तिने आपणहून माझा हात धरला आणि खडूंच्या घट्ट झाकणाच्या डब्यावर ठेवला.

"उघड म्हणतेय तुला," मोठ्या बाई हळूच म्हणाल्या. "बोलली की गं ती!"

मी डबा उघडून तिच्यापुढे धरला.

शिक्षिका होणं झेपेल का, असं तू विचारलं होतंस आणि मी उत्तर टाळलं होतं. झेपेल गं आई.

तुझीच,
धाकटी