राज्य कोणावर?

सोमवार, ३ फेब्रुवारी

संस्कृतची तुकडी अखेर बंद. पाच विद्यार्थी उरले होते; त्यातले चार गुणांसाठी आणि एक चुकून. मोठ्या बाईंनी फार मायेने समजावलं – दुसरीच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर आहेत, तोवर दुसरी 'अ' तुम्ही सांभाळा. पंचवीस वर्षं शब्द आणि धातू चालवले, आता नाकं पुसायची!

बायको म्हणाली, बरं झालं, निदान ही मुलं तरी तुमच्याशी बोलतील. हिचा हा गुण मी लग्नाआधीच ओळखायला हवा होता.

मुलं सत्तावीस. पहिला धडा – राजा आणि राणी काय काम करतात.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

नामुष्की. मोठ्या थाटात विचारलं, "सांगा, राज्य कोणाला हवंय?" एक हात वर होईना. एकीने तर दोन्ही हात पाठीमागे लपवले. जरा वेळाने माझ्या डोक्यात उजेड पडला. यांच्या लेखी राज्य म्हणजे लपाछपीतलं – भिंतीकडे तोंड करून आकडे म्हणायचे आणि मग लपलेल्यांना शोधत घामाघूम व्हायचं. मागून कोण घेईल?

पहिल्या बाकावर एक आहे, त्याला मी मनातल्या मनात वकील म्हणतो. तो म्हणाला, "राज्य हवं नसतं सर. राज्य येतं."

दंडनीतीवर जन्मभर वाचलं. इतकं नेमकं कुठे सापडलं नाही.

बुधवार, ५ फेब्रुवारी

'राज्ञी' हा शब्द झिजून झिजून 'राणी' झाला, असं फळ्यावर लिहून दाखवलं. वकिलाची हरकत : राणीच का झिजली? राजा तर आहे तसाच आहे.

घरी सांगितलं. बायको भांडी लावता लावता हसली. फार वेळ हसली.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

आज लिहायला नको वाटतंय. पण इथेही लपवाछपवी करायची तर मग शाळेचा वार्षिक अहवालच लिहावा.

मधल्या सुट्टीनंतरचा तास रंगला होता. राजा प्रजेतल्या प्रत्येकाची खबर ठेवतो – कोण उपाशी, कोण आजारी, कोण दिसत नाही – सगळं हातवारे करून सांगितलं. मुलं तोंड उघडं टाकून ऐकत होती. तास संपता संपता शिपाईमामा नकाशे ठेवायला आले, त्यांनी मागचं कपाट उघडलं, आणि आतून एक मुलगी बाहेर आली. अंगाने बारीक, म्हणून सगळा वर्ग तिला टाचणी म्हणतो. सुट्टीत लपली होती. ज्याच्यावर राज्य होतं, तो घंटा ऐकून खेळ सोडून आत आला. आणि मी डोकी मोजली नाहीत. तिची जागा पस्तीस मिनिटं माझ्या डोळ्यांसमोर रिकामी होती!

कपाटाचं दार नुसतं लोटलेलं होतं. विचारलं, मग बाहेर का नाही आलीस?

"तुम्ही म्हणालात, कोण नाही ते राजाला कळतं. म्हणून थांबले."

रडली नाही. रडली असती तर मला सोपं गेलं असतं.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

टाचणीची आई आली. बसवर कंडक्टर आहे. पाळी संपवून तशीच गणवेशात आली होती. आवाज चढवला नाही.

"सर, माझ्या गाडीत साठ माणसं असतात. दर फेरीला नवी. शेवटच्या थांब्यावर मी पार मागच्या सीटपर्यंत जाऊन बघते, कोणी झोपून राहिलंय का. तुमची सत्तावीस. तीही रोज तीच."

मुलीला 'ब' तुकडीत हलवण्याचा अर्ज देऊन गेली. मोठ्या बाई सोमवारी निर्णय देणार.

ती मुलगी मला माझ्या वर्गात हवी आहे. माझं बोलणं खरं धरून आजवर कोणी पस्तीस मिनिटं अंधारात बसलेलं नाही. बायको तर नाहीच.

शनिवार, ८ फेब्रुवारी

सकाळी वर्गाची माफी मागितली. विचारलं, राजा चुकला तर काय करावं? काहींचं मत, अंगठे धरावेत. बऱ्याच जणांचं मत, राजाच बदलावा. वकिलाने मधला मार्ग काढला – सुट्टीत राज्य सरांवर!

खेळलो. सायकलींच्या मागे चार, पाण्याच्या टाकीआड सहा, तीन तर खुद्द मोठ्या बाईंच्या टेबलाखाली. त्या समोर कागद तपासत बसल्या होत्या, चेहऱ्यावरची रेषा हलू दिली नाही. होता होता सव्वीस सापडली. टाचणी नाही. घंटा झाली. मुलांना शिपाईमामांच्या हवाली केलं आणि मी शोधत राहिलो. प्रयोगशाळा, ग्रंथालय, वरचा मजला. गुडघा कुरकुरायला लागला. गणिताच्या सरांनी दारातून विचारलं, काय हरवलं? म्हटलं, प्रजा.

जिन्याखाली, मोडक्या बाकांच्या मागे होती.

"घंटा झाली, सर."

"झाली."

"मग?"

"मग काय? राज्य माझ्यावर आहे ना."

ती फ्रॉकची धूळ झटकून बाहेर आली. मी वाकलो होतो तो मला सरळ होता येईना. तिनेच हाताला धरून उठवलं.

रविवार, ९ फेब्रुवारी

बायको म्हणते, तुम्ही सकाळपासून गुणगुणताय. आणि बेसूर.

सोमवार, १० फेब्रुवारी

अर्ज मंजूर. टाचणीच्या आईला शनिवारचं सगळं कळलंय. फाटकात भेटली तेव्हा हसली, पण अर्ज मागे घेतला नाही. टाचणी 'ब'मध्ये. माझ्या पटावर सव्वीस.

मधल्या सुट्टीनंतर दारात उभा राहून रांगेतली डोकी मोजली. सत्तावीस भरली. पुन्हा मोजली. तरी सत्तावीस! रांगेच्या टोकाला टाचणी.

"मला मोजलंत ना?" म्हणाली. "मग जाते."