हा हात कुणाचा

३ ऑक्टोबर, शुक्रवार

दुपारी दोनला डोंगरातल्या या रुग्णालयात पोहोचले. खिंडीत अजून बर्फ नाही. गाडीत एका बाईने सगळ्यांना सफरचंदे वाटली, मलाही दोन मिळाली. खोली वरच्या मजल्यावर आहे, लहान, पण दिवसभर ऊन असते. खिडकीतून नदी दिसते आणि पलीकडे पॉप्लरची पिवळी रांग.

नर्स गुलबारा माझी बॅग घ्यायला फाटकापर्यंत आली. तिने माझ्या डोक्याचा दुखवट्याचा काळा रुमाल पाहिला आणि काही विचारले नाही. आधी चहा, मग पाव आणि साय. मग थोरल्या बहिणीला म्हणावे तसे म्हणाली की एजे, इथली माणसं सगळं विसरतात, फक्त जेवणाची वेळ तेवढी विसरत नाहीत. मला हसू आले. फेब्रुवारीनंतर बहुधा पहिल्यांदाच.

डॉक्टर नाझिरा माझी जुनी विद्यार्थिनी. मी वीस वर्षे शाळेत जीवशास्त्र शिकवले, ती अजून मला बाईच म्हणते. घरी एकटी बसून राहू नका म्हणून तिनेच हे काम दिले. ही वहीसुद्धा तिचीच. इथे काम करणाऱ्या प्रत्येकाने रोजनिशी लिहायची असा तिचा नियम आहे. दुसऱ्याला स्वतःकडे बघायला सांगायचे तर आधी आपण बघावे, असे ती म्हणते. मला लिहायची सवय नाही. घडेल तेवढे लिहीन.

६ ऑक्टोबर, सोमवार

काम समजले. इथे पक्षाघात झालेले, घोड्यावरून पडलेले, गाडीच्या अपघातात डोक्याला मार लागलेले असे एकोणीस जण आहेत. त्यातल्या काहींना आपल्याला काही झाले आहे हेच कळत नाही. ते खोटे बोलत नाहीत. आपली अवस्था आपल्याला कळवणारा मेंदूचा जो भाग, तोच बिघडला तर कळवणार कोण? नाझिरा म्हणते, हे कळू लागले की अर्धा आजार गेला.

त्यासाठी दोन कागद असतात, प्रश्न तेच. कपडे स्वतः घालता येतात का, नावे आठवतात का, राग आवरतो का. एक कागद रोगी स्वतःबद्दल भरतो, दुसरा मी त्याच्याबद्दल भरते. दोन्हींत जेवढे अंतर, तेवढी त्याला स्वतःची ओळख कमी. अंतर घटवणे हे माझे काम.

एका ट्रकचालकाला डावीकडचे काहीच जाणवत नाही. ताटातले उजवे अर्धे जेवतो आणि आचारी कंजूष आहे म्हणतो. गुलबारा मुकाट्याने ताट फिरवते, तर हा म्हणतो, हां, आता कुठं माणुसकी आली.

९ ऑक्टोबर, गुरुवार

शारशे नावाचे आजोबा माझ्याकडे दिले आहेत, सगळे त्यांना शारशे अता म्हणतात. वय त्र्याहत्तर, नदीपलीकडच्या कारा-सायचे. गावाचे नाव वाचून मी कागद खाली ठेवला.

हे, माझे यजमान, फेब्रुवारीत त्याच गावाजवळ बर्फात सापडले. तिथल्या लोकांनीच त्यांना धुतले, कफन गुंडाळले आणि आमच्याकडे पोचवले. मी रीतीप्रमाणे पडद्याआड भिंतीकडे तोंड करून बसले होते, शोक गात होते. शेवटी चेहरा दाखवला, तेवढाच. हात पाहिले नाहीत.

शारशे अता गावातली प्रेते धुतात. तरुणपणापासून. त्यांचा डावा हात लुळा आहे आणि तो आपला नाही असे ते शांतपणे सांगतात. धुतलेल्या एका माणसाचा आहे, चुकून माझ्याकडे राहिला. घरी त्यांनी तो दोनदा तापलेल्या शेगडीवर ठेवला. पाहुणा नीट सांगून उठत नाही, तर मग काय करायचं, म्हणे. हात आपला मानेपर्यंत त्यांना घरी न्यायला मुलगा घाबरतो.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

रोज जेवणानंतर तासभर आम्ही खिडकीशी बसतो. मी त्यांचा डावा हात माझ्या डाव्या हातात घेते, खांद्यापासून बोटांपर्यंत त्यांच्याच उजव्या हाताने चाचपायला लावते आणि विचारते, हा हात कुणाचा. ते रोज नवे उत्तर देतात. काल म्हणाले, तुझा असेल, तूच धरून बसली आहेस. आज म्हणाले, पोरी, मास्तरणीला येत नसलेलं उत्तर मला कुठून यायचं.

मग आपणहून म्हणाले की याचा मालक फेब्रुवारीत आला. बर्फ होते त्या आठवड्यात.

 तेवढ्यात त्या हाताचा अंगठा माझ्या बोटांच्या पेरांवरून फिरला. दोनदा सावकाश आणि मग एकदा दाबून. हा हात सहा महिने हललेला नाही.

हे असेच करायचे. जेवण झाले की शेजारी बसून, टीव्ही बघता बघता. त्यांना स्वतःला ते ठाऊकही नव्हते.

कागदावर मी हालचाल नाही असे लिहिले.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

आज प्रश्न विचारला नाही. कालही नाही. हात धरून बसले. शारशे अता घोड्यांच्या गोष्टी सांगतात, मी ऐकते असे त्यांना वाटते. अंगठा फिरतो.

नाझिराने विचारले की बाई, अंतर वाढत का चाललंय? मी म्हटले, थकले आहेत ते. वीस वर्षांत एकाही मुलाला मी खोटे गुण दिले नव्हते.

मला समजते मी काय करते आहे. त्यांनी हात आपला मानला की हे जातील. म्हणून मी त्यांना मानू देत नाही.

२१ ऑक्टोबर, मंगळवार

शारशे अतांनी हात भाजून घेतला. जेवणघरात, चहाच्या उकळत्या भांड्याला टेकवला आणि धरून ठेवला. चेहऱ्यावर वेदना नाही. गुलबारा ओरडली तेव्हा म्हणाले, ओरडतेस काय, जाईल आता. तळव्याची कातडी सुटली आहे.

हे माझ्यामुळे झाले. हे पाच दिवस मी प्रश्न विचारला असता तर कदाचित झाले नसते.

मलमपट्टी मी केली. ते औषधाने झोपले होते आणि खोलीत आम्हीच होतो. मी हात मांडीवर घेतला आणि म्हटले, अहो, या म्हाताऱ्याला सोडा. माझ्याकडे या. मी ठेवून घेईन.

एवढेच म्हटले. नाव घेतले नाही. आमच्याकडे बायको नवऱ्याचे नाव घेत नाही, सासरच्या कुणाचेच घेत नाही. चोवीस वर्षांत मी कधी घेतले नाही, ते गेल्यावरही नाही. अहो म्हटले की ते वळायचे.

त्याच वेळी डोक्यात उजव्या बाजूला एक कळ आली, टाचणी टोचावी तशी. मग गेली.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

शारशे अतांनी आज बोट उचलले. मी प्रश्न विचारला तर म्हणाले, माझा, आणखी कुणाचा, भाजलाय बघ केवढा, दुखतोय. आणि रडले. दोन्ही कागद जुळले. नाझिराने माझे दोन्ही हात हातात घेतले. तसे गुलबाराने नंतर सांगितले, मला एकच घेतल्यासारखे वाटले. मुलगा पुढच्या शुक्रवारी न्यायला येणार.

डोके थोडे दुखते. सकाळी कप पडला.

पण दुपारी खोलीत बसले होते तेव्हा मांडीवर माझ्या बोटांशी कुणाची तरी बोटे आली. पेरांवर अंगठा. दोनदा सावकाश, एकदा दाबून. मी खाली पाहिले नाही. खूप वेळ तशीच बसले. आठ महिन्यांनी मी एकटी नव्हते.

२७ ऑक्टोबर, सोमवार

गुलबारा मागे लागली आहे. एजे, कोटाची एक बाही लोंबतेय. एजे, एका बुटाची नाडी बांधलीच नाही. आता म्हणते, माझे अर्धेच तोंड हसते. मी म्हटले, मी दुःखात आहे, तेही पुष्कळ झाले.

जेवताना तिने माझे ताट फिरवले. त्यात खिम्याचे उकडलेले तीन मान्ती होते. मी म्हटले, आत्ता का वाढले? ती हसली नाही. उठून आत गेली.

कोटाची बाही मी मुद्दाम सोडते. त्या बाजूला ते असतात.

२९ ऑक्टोबर, बुधवार

गुलबाराने माझ्याबद्दल कागद भरला. तेच प्रश्न. नाझिराने मला माझा भरायला दिला आणि दोन्ही शेजारी ठेवले. एवढे अंतर मी इथे कुणाचेच पाहिले नव्हते.

मग तिने माझ्यासमोर एक हात धरला आणि विचारले. बाई, हा हात कुणाचा?

मी म्हटले, यांचा.

नाझिरा रडू लागली. मेंदूत गुठळी असेल, शहरात नेऊन डोक्याचा स्कॅन काढायला हवा, लवकर, रोज नुकसान वाढते आहे. हे सगळे मला कळते. हा धडा मी शिकवलेला आहे. उजवा मेंदू, डावे अंग. फळ्यावर आकृती काढायचे. पण मी माझा म्हटले की त्यांना दुसऱ्यांदा पुरावे लागेल.

खिंडीत बर्फ पडते आहे. रस्ता उघडला की नेणार. मी जाणार नाही म्हणून सांगितले.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार

कारा-सायकडचा रस्ता खालून जातो, तो चालू आहे. शारशे अतांचा मुलगा आला. निघण्यापूर्वी मी त्यांच्याजवळ गेले. मनात होते ते बोलून टाकावे असे वाटले. म्हटले, तुम्ही फेब्रुवारीत आमच्या माणसाला धुतलंत, बर्फातून काढलेल्याला. तुमचे उपकार आहेत.

ते मग म्हणाले:

“त्याला मी नाही धुतलं, पोरी. त्याला गावातल्या चौघांनी धुतलं, मानानं. त्या दिवशी दुसरा एक होता. त्याला हात लावायला कुणी तयार होईना, म्हणून मी एकट्यानं धुतला. बायकोचा गळा आवळून स्वतः फास घेतलेला. त्याच्यासाठी कुणी शोकसुद्धा गायलं नाही.”

मी म्हटले, पण मी यांना बोलावले. तेच आले.

त्यांनी विचारले, “नाव घेऊन बोलावलंस?”

मी नाही अशी मान हलवली. त्यांनी त्यांचा भाजलेला हात उजव्या हाताने छातीशी धरला, स्वतःचे मूल धरावे तसा.

“मग जो जवळ होता, तो आला,” म्हणाले.

मुलगा त्यांना गाडीकडे घेऊन गेला. त्यांनी वळून पाहिले नाही.

२ नोव्हेंबर, रविवार

आज नाव घेतले. खिडकी उघडून, भर दुपारी, मोठ्याने. चार वेळा. खाली अंगणात गुलबारा बर्फ लोटत होती, ती थांबली.

कुणी आले नाही.

हात मांडीवर होता. हलला नाही. पण कान देऊन ऐकणाऱ्या माणसासारखा स्थिर—

अंगठा. दोनदा सावकाश, एकदा दाबून. हे असेच करायचे ना? की एकदा, मग दोनदा? मला आठवत नाही. मी आठवून बघते तर त्यांचा हात दिसतच नाही. हाच दिसतो.

३ नोव्हेंबर

मानेवर ओरखडे. गुलबारा म्हणते, एजे, तुमचं तुम्हीच खाजवताय. नखे कापली. डाव्या हाताची नखे कापताना तिने मला तोंड फिरवायला सांगितले. का? तिलाही काही दिसते का? विचारले तर म्हणाली, छे, थरथरताय म्हणून.

रुमालाची गाठ मी हनुवटीखाली बांधते. सैल बांधते. आरशात बघते तेव्हा घट्ट असते.

नाझिराला सांगितले, मला न्या. आजच न्या. ती म्हणाली, बाई, शहाण्यासारखं बोललात. रस्ता बंद.

४ नोव्हेंबर

जेवताना उजव्या हाताने तो धरून बसले. गुलबारा भरवते. माझी आई असल्यासारखी बोलते माझ्याशी. तिला म्हटले, माझ्या डाव्या बाजूला बसू नकोस.

ती बसली. तिच्या मनगटावर निळे—

ती म्हणते दारात लागले.

५ नोव्हेंबर

रस्ता उघडला. गाडी अंगणात आहे, इंजिन चालू. नाझिरा वर येते आहे. शहरातले डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारतील, उत्तर तयार ठेवा, असे ती सकाळीच म्हणाली. स्वतःचा म्हणालात तर बरे होणे सोपे जाईल.

मला माहीत आहे. मीच शिकवले सगळ्यांना.

माझा म्हटले तर तो माझा. त्याने जे केले तेही मग—

नाही म्हटले तर तो त्याचाच राहील, आणि माझ्याजवळ—

दोन्ही वाटांवर तो आहे.

जिन्यावर पावले. वही उजव्या हाताने लिहिते आहे म्हणून त्याला धरायला हात नाही. मी लिहीत असले की त्याला मोकळे मिळते. हे आत्ता लक्षात आले. इतके दिवस मी लिहीत होते आणि—

मी माझा म्हणणार. ठरले. दार उघडले की लगेच. माझा आहे, माझाच

नाझिरा, दार ढकल, कडी मी लावली नाही, रुमालाची गाठ कोण—