सीटखालचं लिंबू

आई,

तू देवळात गेलीस तेवढ्यात निघतोय. करमाडच्या पुढं ट्रॅकवर आज पहिल्यांदा गाडी पळवायचीय. आधी सांगितलं असतं तर तू बोनेटसमोरच बसली असतीस.

ट्रॅकवर गाडीत एकपण सुटी वस्तू चालत नाय. स्टेपनी अन् जॅक जिन्याखाली ठेवलाय. डॅशबोर्डवरचा गणपती अन् पूजेचा नारळ देव्हाऱ्यात ठेवलाय. रागावू नको. अपघात झाला त्या दिवशी पप्पांच्या गाडीतपण हे सगळं होतंच.

काल देवीपुढचं लिंबू आणलंस, ते देव्हाऱ्यात दिसलं नाय. आत्ता गाडी फाटकातून वळवली तर सीटखाली काहीतरी घरंगळलं. लई वेळ हात घालून बघितलं, सापडलं नाय, अन् बरोबर येणारा गोकुळ बाहेर हॉर्न वाजवतोय. असलं काही ब्रेकखाली अडकलं तर पाय दाबूनपण गाडी थांबत नाय.

तू ते गाडीत ठेवलंस का, कुठं ठेवलंस, एवढं फक्त गोकुळला फोन करून सांग. गाडी चालवणाऱ्याचा फोन तिथं जमा करून घेतात.

तुझा फोन इथंच फ्रिजवर राहिलाय. म्हणून आज देवळातून परस्पर मावशीकडं जाऊ नको, आधी घरी ये.

आदिनाथ