केटलीतली खिचडी

प्रिय आई,
सप्रेम जयभीम.

मी ठणठणीत आहे. कात्रजच्या खोलीत स्वयंपाकाला बंदी असली, तरी माझी लाडकी इलेक्ट्रिक केटली जोरात चालू आहे. मालकीणबाईंना अजून पत्ता नाही. बाबांचा गुडघा कसा आहे?

परवा सुखदेवमामांनी हॉटेलात जेवायला बोलावलं. मी ऑफिसातून तशीच गेले, गळ्यात हेडफोन, पाठीवर लॅपटॉपची बॅग. मामांशेजारी एक मुलगा आणि त्याचे आईवडील बसले होते. मामा म्हणाले, ओळखीचे आहेत, सहज भेटले. मला ते खरं वाटलं.

भाजी गोडमिट्ट होती, रोटी तुटता तुटेना. तरी मी हसून खात होते. तेवढ्यात त्या मुलाची आई म्हणाली, "तुम्ही केटलीत खिचडी करता म्हणे? लग्नानंतर असं चालायचं नाही हं."

आई, त्या खिचडीचं मी फक्त तुला सांगितलं होतं.

म्हणजे परवा सकाळी फोनवर "आज निळा ड्रेस घाल" म्हणालीस, तेव्हाच तुला सगळं ठाऊक होतं. नुसतं विचारलं असतंस, तर मी तोच घालून गेले असते.

तुझा फोन मुद्दामच उचलत नाही. तू रडशील आणि माफी मीच मागेन. म्हणून हे पत्र.

बाबांचा गुडघा शेकत जा. त्यांना यातलं काही माहीत नसेल, तर सांगू नकोस. माहीत असेल, तर ते मला सांगू नकोस.

तुझीच,
उत्पला