टब जमिनीत की वर

डॉफिन, मॅनिटोबा
२० जानेवारी

प्रिय आईस,

तू पाठवलेले खारवलेले मासे पोचले. आम्ही बरे आहोत. तुझा गुडघा कसा आहे? समुद्रावरचं वारं अंगावर घेऊ नकोस.

तुझ्या जावयाचे, ऑरेस्टचे पाय ठणकतात, म्हणून अंगणात गरम पाण्याचा टब घेतोय. डॉक्टरांनीच सुचवलं. बाकीची औषधं त्यांनी बंद केली आहेत, तेवढाच त्याच्या जिवाला त्रास कमी.

मला जमिनीत बसवलेला टब हवा होता. दोन पायऱ्या उतरलं की पाण्यात. वर ठेवायच्या टबाची भिंत कमरेइतकी उंच, तिच्यावरून त्याचा पाय जात नाही. पण दुकानदार म्हणाला, "बाई, थंडीनं गोठून जमिनीचा दगड झालाय. मे महिन्याआधी खोदता येणार नाही. वरचा हवा तर गुरुवारी लावून देतो." खरंच आहे. नाताळात वारलेल्या आमच्या शेजारच्या ओलेनाबाईंचं दफनही मेपर्यंत खोळंबलंय.

मी म्हटलं, थांबू.

ऑरेस्ट हसला. "वरचाच घे गं. मेमध्ये माझा एक खड्डा खणायचाच आहे, आणखी दुसरा कशाला?"

दुकानदार खिडकीबाहेरचा बर्फ बघत बसला. "चारचौघांत असलं बोलतात का?" म्हणून मी ऑरेस्टवर चिडले, आणि वरच्याच टबाची पावती करायला सांगितली.

त्याला उचलून मी आत ठेवीन. आता तो फार जड राहिलेला नाही.

तू मेमध्ये येणार होतीस ना? तिकीट आधीचं काढ.

तुझी, लांब पडलेली,
व्हर्ना