आईचा डांगी आणि माझी हिरवी पट्टी

साखरशेत,
कार्तिक सरता सरता

तीर्थस्वरूप गोदाताईस, धाकट्या तुळशीदासाचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे, भावोजींचा खोकला आणि नातीचे दात (आले असतील तर) कसे आहेत? आम्ही दोघं ठीक. कमू माझ्याशी पुन्हा बोलू लागली आहे, म्हणजे ठीकच म्हणायचं.

रोशनीच्या उष्टावणाला आईच्या डांगी भाताचाच घास हवा, दोन पायल्या पाठव, असं तू लिहिलंस. ताई, त्या भाताची हकीकत लांब आहे. आई गेल्यानंतरचं हे पहिलंच पीक. मास्तर शाळेतून निवृत्त झाला आणि शेतात नापास झाला, असं कुणी म्हणू नये म्हणून मी एका शिबिरातून पान तपासायची पट्टी आणली. प्लास्टिकची, तिच्यावर फिकट ते गर्द हिरवे रकाने. पान वर धरायचं, ठरल्या रकान्यापेक्षा फिकट दिसलं तर युरिया द्यायचा. (तेहेतीस वर्षं पेपर तपासलेल्या माणसाला याहून गोड काम कोणतं?) दर दहा दिवसांनी मी चिखलात उभा राहून पानं तपासली. दर वेळी डांगी नापास, दर वेळी युरिया. शेजारचा पुंजा बांधावरून म्हणाला, "गुर्जी, त्यो जलमाचाच पिवला हाय. भूक त्याला नाय, तुमच्या पट्टीला लागली." मी त्याला पट्टीमागचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवला. त्यातच शेवटी बारीक अक्षरात होतं की जुन्या वाणांना अलीकडचा, फिकट रकाना धरावा. ते मी चष्मा पुसून वाचलं तेव्हा भात माझ्या खांद्याला लागलं होतं. काय गर्द हिरवं! जाणारे-येणारे थांबून बघायचे. मग नवरात्रात एका दुपारी वारा सुटला आणि सगळं शेत आडवं झालं. झोडणीला दाणा थोडा आणि फोल फार.

तुला आठवतं, रोपांची जागा भाजायच्या राबाला पाला हवा म्हणून आई तुला ऐनाच्या झाडावर चढवायची आणि खाली टहाळ झेलायला मी? (निम्मा माझ्या डोक्यातच पडायचा, आणि तू मुद्दाम टाकायचीस.) राब पेटला की आठवडाभर आपल्या केसांना धुराचा वास. पुढे लावणी झाली की आई सकाळी बांधावर जाऊन बराच वेळ बघत राहायची आणि काहीच न टाकता परत यायची. मला वाटायचं, ही उगाच वेळ घालवते. आता मला तिची फार आठवण येते, ताई. नुसतं भात पडलं म्हणून नव्हे.

तेव्हा उष्टावणाला बाजारचा कोलम घे आणि मला माफ कर.

तुझा,
तुळशीदास

ता. क. कमूने पत्र वाचलं. म्हणते, खरं ते लिहा. वरच्या कोपऱ्यातला तुकडा उभा राहिला. तिथे टाकायला मी पुंजाकडे युरिया दिला होता, तो त्याने टाकलाच नव्हता. त्यातून चार पायल्या निघाल्या. तुझा हेमंत रविवारी येतोय, त्याच्याबरोबर दोन पाठवतो.

आणखी एक. उरलेल्या दोन पायल्या बियाण्याच्या. त्या पुंजाने स्वतःच्या घरी नेल्यात. मागायला गेलो तर म्हणाला, "गुर्जीच्या हातात नाय देयाचा. गोदीला बोलवा." माणूस बरोबर बोलतो. मृगाआधी ये, ताई. आईशिवाय पेरायची मला भीती वाटते.